आडवे शब्द, उभे शब्द

रविवारच्या पुरवणीतील शब्दकोडे सोडवायला बसताना मी पेन घेत नाही, शिसपेन्सिल घेतो. ही सवय शाळकरी वयातील आहे. पेनाने लिहिलेला चुकीचा शब्द गिरवून गिरवून दुरुस्त केला की ते घर इतके काळे होते की, कोडे रचणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली काळी घरे आणि आपल्या अज्ञानाने काळी केलेली घरे यांत फरक उरत नाही. पेन्सिलीचे तसे नसते. तिने लिहिलेल्या शब्दाला आपण चुकू शकतो याची आधीपासून कल्पना असते.

सगळीच शब्दकोडी मला सारखी आवडतात असे नाही. समानार्थी शब्द, नदीचे नाव, एखाद्या नटीचे आडनाव अशी भेळ असलेली कोडी मी प्रवासात वेळ घालवण्यासाठी सोडवतो. माझे खरे प्रेम आहे ते एका विषयाला वाहिलेल्या साप्ताहिक कोड्यावर. त्याच्या माथ्यावर त्या आठवड्याचा विषय छापलेला असतो : दागिने, गडकोट, पक्षी, लग्नविधी, सुताराची हत्यारे. तीस-बत्तीस शब्दांपैकी आठ-दहा शब्द त्या विषयातले आणि उरलेले त्यांना सांधणारे साधे शब्द, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. विषय कळला म्हणजे निम्मे काम झाले असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात विषय हा वाटाड्याही असतो आणि चकवाही. ‘दागिने’ असा मथळा वाचला की प्रत्येक शोधसूत्रात आपल्याला सोने दिसू लागते. ‘कानाशी लागलेली’ म्हणजे कुडी असणार असे ठरवून आपण ती लिहून टाकतो आणि तेथे ‘चुगली’ हा तीन अक्षरी साधा शब्द हवा होता हे उभ्या शब्दांनी अडवल्यावर अर्ध्या तासाने लक्षात येते. विषयाच्या भरात आपण घरेही नीट मोजलेली नसतात.

या खेळाचा जन्म मराठी नव्हे, भारतीयही नव्हे. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ऑर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकाने चौकटीच्या आकाराचे, म्हणजे पत्त्यांतील चौकटसारखे, एक कोडे छापले. तेच पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाते. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये ते आपल्या पानावर घेतले. पुढे ते निरनिराळ्या भाषांत शिरले आणि ज्या भाषेत गेले तेथील लिपीशी त्याला जुळवून घ्यावे लागले. मराठीत आल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात एक अक्षर बसते आणि आपले अक्षर म्हणजे एक भरलेला संसार असतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर असेल तर त्यातील सगळी व्यंजने, ही सर्व मंडळी एकाच घरात राहतात. ‘पुस्तक’ या शब्दाला तीन घरे पुरतात. ‘स्वातंत्र्य’ एवढा मोठा शब्दही तीनच घरांत मावतो. शब्द आखूड होतात हा फायदा झाला. तोटा असा की शब्दांची भेट अवघड होते. इंग्रजीत अवघ्या सव्वीस वर्णांतून छेद साधायचे असतात. मराठीत ‘क’ने संपणारा आडवा शब्द ‘की’ने सुरू होणाऱ्या उभ्या शब्दाला भेटू शकत नाही, ‘कि’ आणि ‘की’ हेही एकमेकांचे कोणी लागत नाहीत. म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरे जास्त आणि भेटीची ठिकाणे कमी असतात. काही कोडेकार ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा करून सवलत घेतात. माझ्या मते ही सवलत घेऊ नये. दोन शब्द एका अक्षरावर भेटायचे असतील तर दोघांनाही ते अक्षर पूर्ण मान्य असले पाहिजे.

आमच्या घरी शब्दकोड्याचे नाव चांगले नव्हते. त्याला कारण माझे आजोबा. ते मुंबईच्या गिरणीत कामाला होते आणि १९५० च्या सुमारास त्या शहरात बक्षिसांच्या कोड्यांनी धुमाकूळ घातला होता. प्रवेश फी भरायची, कूपन भरून पाठवायचे आणि हजारो रुपयांची स्वप्ने पाहायची. वरवर पाहता तो भाषेचा खेळ होता. पण त्यातील काही सूत्रे अशी असत की दोन-तीन शब्द सारखेच बसावेत. ‘संसारात याला किंमत असते’ असे सूत्र, दोन घरे, दुसरे अक्षर ‘न’. मान म्हणा, दान म्हणा, धन म्हणा. पहिल्या अक्षराला छेद देणारा उभा शब्दच नसे. बरोबर उत्तर म्हणजे लिफाफ्यात मोहोरबंद करून ठेवलेले उत्तर. त्याच्याशी तुमचे जुळले तर जुळले. आजोबांच्या पगारातील पुष्कळ पैसे या ‘मान’ आणि ‘दान’ यांच्यामधील रिकाम्या जागेत गेले, असे आजी सांगत असे. एकट्या आजोबांची ही गोष्ट नव्हती. अखेर १९५५ साली संसदेला बक्षीस स्पर्धांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच्या व्याख्येतच शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा उल्लेख आहे. महिन्याकाठी एकूण बक्षिसे एक हजार रुपयांच्या वर असू नयेत, प्रवेशिका दोन हजारांच्या वर असू नयेत, असे बंधन त्याने घातले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९५७ मध्ये न्यायालयाने नशिबावर चालणाऱ्या स्पर्धा आणि कौशल्यावर चालणाऱ्या स्पर्धा यांत भेद करून हे निर्बंध पहिल्या प्रकाराला लागू आहेत असे ठरवले. एका शब्दाच्या पहिल्या अक्षराला छेद आहे की नाही, यावर जुगार आणि विद्या यांतील अंतर अवलंबून असते, असे मला तो निकाल समजून घेताना वाटले होते.

त्यामुळे १९८४ साली, मी नववीत असताना, वडील एका साप्ताहिकाचे वर्गणीदार झाले आणि त्याच्या शेवटून दुसऱ्या पानावर कोडे दिसले, तेव्हा आजीने ते पान चुलीत घालायला सांगितले होते. फी भरावी लागत नाही, फक्त १५ पैशांचे पोस्टकार्ड लागते, हे वडिलांनी तिला तीनदा समजावले. कऱ्हाड तालुक्यातील आमच्या गावात साप्ताहिक गुरुवारी पोहोचत असे. उत्तरे पुढच्या बुधवारपर्यंत कचेरीत पोहोचणे आवश्यक असल्यामुळे शुक्रवारी रात्रीपर्यंत कोडे सुटले तरच उपयोग. कंदील नव्हे, वीज आलेली होती. पण ती शेतातील पंपांच्या सोयीने येत-जात असे, त्यामुळे चिमणी हाताशी ठेवूनच मी बसत असे.

त्या आठवड्याचा विषय होता ‘मोटेची विहीर’.

मोट मी कधी चालताना पाहिलेली नव्हती. आमच्या विहिरीवर माझ्या जन्माच्या आधीच विजेचा पंप बसला होता. मोटेचे दगडी बांधकाम तेवढे शिल्लक होते आणि त्यावर आम्ही पोहायला जाताना कपडे काढून ठेवत असू. मला मराठीत वर्गात सर्वांत जास्त गुण पडत. त्या बळावर मी विषयाबाहेरील साधे शब्द भराभर भरले आणि मोटेच्या शब्दांपाशी येऊन थांबलो. वडील कारखान्यात कारकून. त्यांचे बालपण मुंबईच्या चाळीत गेलेले. आई मागच्या बाजूला भाकऱ्या थापत होती. तिला विचारावे असे मला सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. मी सूत्र मोठ्याने वाचले ते केवळ अडलो म्हणून, कोणाला उद्देशून नव्हे.

“मोटेचे पाणी जेथे पडते ती जागा. तीन अक्षरे.”

“थारोळं,” आई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

मी घरे मोजली. बरोबर तीन. पण उभा शब्द ‘वेळेवर’ हा होता आणि त्याचे दुसरे अक्षर शेवटच्या घरात येत होते. तेथे ‘ळं’ चालणार नव्हते, ‘ळे’ हवे होते. मी तिला शिकवण्याच्या सुरात म्हणालो, की थारोळं हे बोलण्यात. लिहिताना थारोळे लिहायचे असते.

“लिव की तसं,” ती म्हणाली, “पानी तिथंच पडतंय.”

पुढचे सूत्र होते, ‘मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर’. तीन घरे. आईने ‘सोंदुर’ असा उच्चार केला. मधल्या घरातून खाली जाणारा दोन अक्षरी शब्द मी आधीच भरून ठेवला होता : गणपतीला वाहण्याचे तृण, दूर्वा. त्याचा ‘दू’ दीर्घ. अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार मराठीत दीर्घ लिहायचा, विहीर, खीर, फूल यांप्रमाणे, हा नियम आम्हाला त्याच वर्षी शिकवला होता. साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या चौदा नियमांपैकी तो एक. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. मी तो पाठ केला होता, पण नियम पाठ असणे आणि एखाद्या शब्दाला तो नियम पाळताना पाहणे यांत अंतर असते. माझ्यासमोर गणपतीची दूर्वा वरून खाली आली आणि आईच्या माहेरच्या दोराला त्याच ‘दू’वर भेटली. सोंदूर. शुद्धलेखनाचा एखादा नियम मला आवडल्याचे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

सोंदूर आणि सोंड यांचे काम मला समजेना. तेव्हा आईने पीठ लागलेल्या हाताने माझे कापडी दप्तर उचलले. डाव्या हातात त्याचे बंद धरले, उजव्या हातात खालचा एक कोपरा. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला वर रुंद तोंड आणि खाली सोंडेसारखी निमुळती नळी. तोंडाचा जाड दोर वरच्या चाकावरून जातो, सोंडेचा बारीक दोर खालच्या कण्यावरून, आणि दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल उतारावरून पुढे चालू लागले की मोट वर येते. तोपर्यंत सोंड वर दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढतो, ती थारोळ्यावर मोकळी होते आणि पाणी भसकन बाहेर पडते. तिने दप्तराचा कोपरा खाली सोडला तशी माझी कंपासपेटी जमिनीवर पडली. मग बैल त्याच वाटेने मागे सरत जातात आणि मोट पुन्हा बुडते. दिवसभर असे पुढे आणि मागे. माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, विहिरीवर मोट हाकायला तिचा थोरला भाऊ आणि दारे धरायला ती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

या कोड्यातील एक सूत्र मला आजही फार सुंदर वाटते. ‘मोटेच्या बैलांची वाट, गाडीच्या चाकाचे लोखंडी कडे आणि फलंदाजाची कमाई’, दोन घरे. आईला पहिले दोन अर्थ ठाऊक होते. तिसऱ्याचा तिला पत्ता नव्हता. आदल्याच वर्षी भारताने विश्वचषक जिंकलेला असल्यामुळे मला तिसऱ्याखेरीज काही ठाऊक असण्याची गरजच वाटत नव्हती. ‘धाव’ हा शब्द आम्ही दोघांनी जवळजवळ एकाच वेळी उच्चारला. ती विहिरीकडून आली होती, मी मैदानाकडून. एका शब्दाच्या अंगणात इतकी वेगळी माणसे भेटू शकतात, ही गोष्ट पुढे मी वर्गात अनेकार्थी शब्द शिकवताना नेहमी सांगत आलो. सूत्र सांगत असे, आईचे नाव मात्र सांगत नसे. त्याचे कारण मला नीट देता येणार नाही.

मग आले ‘मोटेचा जाड दोर’. दोन घरे. आई म्हणाली, “नाडा.”

मला हसू फुटले. नाडी हा शब्द मला विजारीपुरताच ठाऊक होता आणि त्या वयात विजारीच्या नाडीत पुष्कळ विनोद भरलेला असतो. मी इतका हसलो की धाकटी बहीणही काही न कळता हसू लागली.

“हसाय काय झालं?” आईने विचारले. तिने तवा उतरवला आणि पुढचे सगळे एका दमात, कोणावर न रागावता सांगितले. त्या वर्षीचा नाडा जुना झाला होता. नवा घ्यायचा तर पैसे नव्हते. आणखी एक हंगाम निघेल म्हणून चालवून घेतला. मोट भरून वर येत असताना तो तुटला. नाडा तुटला म्हणजे ओढणाऱ्या बैलांपुढचे ओझे एकाएकी नाहीसे होते आणि ती जनावरे आपल्याच जोराने उतारावरून पुढे कोसळतात. डावीकडच्या बैलाचा पाय मोडला. भावाने उडी टाकल्यामुळे तो वाचला. बैल चार दिवसांनी गेला. दुसरा बैल घेण्यासाठी कर्ज काढले, ते फेडण्यासाठी घरातील प्रत्येक हात लागू लागला आणि चौथीची परीक्षा दिलेल्या मुलीला पाचवीसाठी शेजारच्या गावी पाठवण्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

“नाडा,” ती पुन्हा म्हणाली, “ना आन् डा. बसतंय का?”

बसत होते. मी लिहिले.

“मग पुढचं वाच.”

आणि मी पुढचे वाचले. यात मी चुकलो असे तेव्हा मला वाटले नाही. मला त्या क्षणी फक्त जोखडाची खुंटी हवी होती, तीन अक्षरी, पहिले अक्षर ‘शि’. शिवळ. तेही तिनेच सांगितले. कासरा मला येत होता. पाटाचे सूत्र आम्ही दोघांनी मिळून सोडवले. एक पाट शेतातून वाहतो, दुसऱ्यावर जेवायला बसतात. नऊ विषयशब्दांपैकी सहा आईचे, दोन दोघांचे आणि एक माझा. हा हिशेब मी आता करतो आहे. त्या रात्री मी पोस्टकार्डावर सगळी उत्तरे सुवाच्य अक्षरात उतरवली, खाली माझे संपूर्ण नाव लिहिले, इयत्ता नववी असेही लिहिले आणि शनिवारी शाळेत जाताना ते पेटीत टाकले.

तीन आठवड्यांनी माझे नाव छापून आले. सर्व उत्तरे बरोबर असलेल्या प्रवेशिकांतून चिठ्ठ्या टाकून तीन विजेते काढत. त्यात मी दुसरा होतो. वडिलांनी तो अंक घडी करून खिशात ठेवला आणि कारखान्याच्या उपाहारगृहात इतक्या लोकांना दाखवला की परत आला तेव्हा त्याच्या घड्या फाटल्या होत्या. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माझे नाव घेतले. २५ रुपयांची मनीऑर्डर आली, तिच्यातून मी शाईचे पेन घेतले. आजीचेही मत त्या कोड्यापुरते बदलले.

आईने अंक हातात घेतला तो रात्री, सगळे आवरल्यावर. ती वाचू शकत असे, पण अक्षरांवरून बोट फिरवत, ओठ हलवत. माझे नाव तिने पाहिले आणि ते चांगले छापले आहे असे म्हणाली. मग उत्तरांचा चौकोन कोणता ते विचारले. त्यातील घरांवरून तिचे बोट बराच वेळ फिरत राहिले. ती काय शोधते आहे हे न कळून मी मदत करायला वाकलो, तोवर तिला सापडले होते.

“नाडा बरोबर आला,” ती म्हणाली आणि अंक मिटून ठेवला.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतलेले असेल. दिवसभराच्या कामानंतर पुस्तक उघडताना कोणता शब्द आपला आणि कोणता पुस्तकाचा, असा प्रश्न त्यांना पडत असेल तर त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मला एवढेच सांगता येते की त्या अंकात माझ्या नावाखाली छापलेल्या शब्दांपैकी पुष्कळसे माझे नव्हते, आणि ही गोष्ट घरात सर्वांना माहीत असूनही कोणालाही, आईलासुद्धा, ती सांगण्यासारखी वाटली नाही. कार्डावर एकच नाव लिहायची जागा असते.

मी पुढे मराठीचा शिक्षक झालो. शब्दकोश घेतले, कोडी सोडवत राहिलो, क्वचित शाळेच्या हस्तलिखितासाठी रचूही लागलो. रचताना प्रथम कळले की सूत्र लिहिणे हे उत्तर शोधण्यापेक्षा कठीण आहे. ‘शेतीचे एक अवजार’ असे सूत्र लिहिणारा आळशी असतो. त्याने ते अवजार हातात धरलेले नसते. ‘मोटेची विहीर’ रचणारा माणूस मात्र, तो कोण होता ते मला ठाऊक नाही, धावेवर चाललेला असला पाहिजे. नाहीतर सोंदूर आणि नाडा यांना त्याने वेगवेगळी सूत्रे दिली नसती.

वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे तालुक्याच्या गावी राहायला आली. २००४ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारच्या पुरवणीतील कोड्याचा विषय ‘दळण-कांडण’ असा होता. आई खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. मी पुरवणी आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि या वेळी तू लिही, मी वाचतो, असे म्हणालो. ती नको नको म्हणत राहिली, पण पेन्सिल तिने खाली ठेवली नाही.

सूप, उखळ, मुसळ, रोवळी हे शब्द सहज गेले. जात्याचा खुंटा लिहिताना तिने अनुस्वारासाठी वेगळे घर मागितले, तेव्हा मी तो ‘खु’च्या डोक्यावर ठेवायला सांगितला. खरी अडचण आली ती ‘धान्य’ या शब्दापाशी. घरे दोन होती आणि तिच्या हिशेबाने अक्षरे तीन : धा, न आणि य. मी सांगितले की अर्धा न आणि य एकाच घरात राहतात.

“अर्ध्याला सोताचं घर न्हाई?”

“नाही.”

“मग भाडं कोन देतंय? य का न?”

आम्ही दोघेही खूप हसलो. तिने मात्र ‘न्य’ लिहिताना इतकी काळजी घेतली की रेषेला कोठेही धक्का लागला नाही. एक शब्द अखेरपर्यंत अडला. कोंड्याशी संबंधित एक तीन अक्षरी सूत्र होते. तिने सांगितलेला शब्द मी कोणत्याही कोशात पाहिला नव्हता आणि उभ्या शब्दाशी त्याचे शेवटचे अक्षर जुळत नव्हते. माझा शब्द जुळत होता. तिने माझा शब्द लिहू दिला, पण कागदाच्या कडेला, कोड्याच्या चौकटीबाहेर, स्वतःचाही लिहून ठेवला. ते कात्रण माझ्याजवळ अजून आहे. पेन्सिलीचे लिखाण पुसट झाल्यामुळे कडेचा तो शब्द आता वाचता येत नाही आणि तो काय होता ते मला आठवत नाही. कितीतरी वेळा भिंगाखाली धरून पाहिला आहे. मधले अक्षर ‘र’ असावे, किंवा ‘स’.

उत्तराच्या कार्डावर मी आईचे नाव लिहिले. तिला सांगितले नाही.

बक्षीस मिळेल याची मला खात्री नव्हती. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते. पण महिन्याभराने दुपारी पोस्टमन आला आणि त्याने ५१ रुपयांची मनीऑर्डर आईच्या नावावर आहे असे सांगितले. तिच्या नावावर आयुष्यात काही आले असेल तर लग्नाच्या पत्रिका, त्याही वडिलांच्या नावामागून. पैसे कशाचे, असे तिने पोस्टमनला विचारले आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी कोड्याचे असे म्हणालो. ती काही बोलली नाही. हात पदराला पुसून तिने फॉर्म गुडघ्यावर घेतला.

तिची सही मी बँकेच्या आणि रेशनच्या कागदांवर पुष्कळदा पाहिली होती. ती गर्दीत उभ्या राहिलेल्या बाईसारखी अंग चोरून लिहिलेली असे, अक्षराला अक्षर चिकटलेले. त्या दिवशी तिने सावकाश लिहिले. एक अक्षर, मग बोटभर जागा, मग दुसरे अक्षर. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. तेथे ती थांबली, मनाशी काहीतरी मोजले आणि ते सगळे एका जागी बसवले. सही फॉर्मवरील ठिपक्यांची रेषा ओलांडून पलीकडे गेली.

“आजी, लई ऐसपैस सही झाली,” पोस्टमन म्हणाला, “पण चालंल.” त्याने कुपन फाडून तिच्या हातात दिले, नोटा मोजून दिल्या आणि सायकलीला टांग मारली.

आईने ५० ची नोट देवघरात ठेवली, रुपया नातवाला दिला आणि पुन्हा तांदळाचे सूप पुढे ओढले. त्या आठवड्याची पुरवणी माझ्या मांडीवर तशीच पडून होती.

“काय बघतोयास?” ती म्हणाली. “पुढचं वाच.”